बशीमाळावरची सतरा नंबरची डबी

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला सापळा म्हणू नका. सापळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तुटलेली शेपूट आणि चेपलेली मान येते. माझ्या पोटात आजवर शेकडो उंदीर येऊन गेले, पण एकाच्याही मिशीला धक्का लागलेला नाही. आत कापसाची गादी, शेंगदाण्याच्या लोण्यात बुडवलेली रताळ्याची फोड, रात्रभर वाऱ्यापासून आडोसा आणि सकाळी वजन करून सुटका. एवढी बडदास्त तुमच्या मामाच्या घरी तरी होते का? इथली माणसं मला डबी म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा. माझा नंबर सतरा, आणि मी आता बरीच जुनी झाले आहे.

माझा जन्म तैवानमधल्या ताइचुंग शहरात, एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा दुमडल्या, पुढे झडप बसवली, आत पायपट्टी बसवली. पायपट्टीवर नखाएवढं वजन पडलं की झडप खट्‌कन उभी राहून बंद होते. हीच माझी सगळी विद्या. कारखान्यातली एक चष्मेवाली बाई प्रत्येक डबीत करंगळी घालून ही विद्या तपासायची. माझ्या वेळी तिला शिंक आली, करंगळी जोरात पडली आणि झडप अशी काही मिटली, की ती ओरडली, "अगं बाई, ही तर चावते!" माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

आम्ही तीस बहिणी एकाच गठ्ठ्यात बाहेर पडलो. आम्हाला न्यायला आल्या त्या लिएन सू-छिंग बाई. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, आणि बुटाच्या नाड्या नेहमी सुटलेल्या. त्यांनी आमच्या पाठीवर लाल रंगाने एक ते तीस आकडे घातले आणि आम्हाला डोंगरात नेलं.

बाई रानातले उंदीर आणि चिचुंद्र्या मोजतात. हसलात ना? सगळेच हसतात. अस्वलं मोजणाऱ्याला लोक वाकून नमस्कार करतात, आणि उंदीर मोजणाऱ्याला विचारतात, घरी मांजर नाही का! पण हा उंदीर घुबडाच्या पोटात जातो, तो मुंगसाएवढ्या, पिवळ्या गळ्याच्या मार्टेन नावाच्या शिकारी प्राण्याच्या पोटात जातो, आणि त्याने नेऊन पुरलेल्या बियांतून झाडं येतात. तो कमी झाला की सगळ्या रानाचं बिनसतं. म्हणून बाई वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्या राखीव रानात तीन ठिकाणी आमच्या ओळी मांडतात. एक ते दहा उंच सूचिपर्णी झाडांखाली, एकवीस ते तीस ओढ्याच्या काठी, आणि आम्ही मधल्या दहाजणी बशीमाळावर. बशीमाळ म्हणजे चहूबाजूंनी कडा उचललेलं, गुडघाभर उंचीच्या बांबूने भरलेलं उघडं रान. तिथे राहतो माळउंदीर. नाक बोथट, कान केसांत लपलेले, आणि अंग असं गबदुल की वळताना आधी पोट वळतं. सगळ्या रानात तो फक्त आमच्याच माळावर सापडतो. याचा मला अजूनही ताठा आहे.

आम्हाला वर वाहून नेतो तामा सालिझान. तो बुनून लोकांतला. त्यांच्या भाषेत बापाला, काकाला, कुणाही वडीलधाऱ्या पुरुषाला तामा म्हणतात. त्याचे वाडवडील शिकारी. त्यामुळे निघताना कुणी शिंकलं की तामा पाठीवरचं ओझं खाली ठेवतो आणि चहा मांडतो. निदान तासभर तरी कुणी हलायचं नाही. आणि 'उंदीर धरायला चाललोय' असं तोंडाने म्हणायचं नाही. 'जरा फिरून येतो' म्हणायचं.

"बाई, आमचा बाप धरायचा आणि खायचा. मी धरतो, मापतो आणि सोडतो," तो म्हणायचा. "वरून बघत असेल तर म्हणत असेल, पोरगं वाया गेलं."

"आणि वरून रताळी कोण खातं?" बाई विचारायच्या. "उंदरांची अर्धी रताळी तूच संपवतोस, तामा!"

"चाखून बघतो हो. पाहुण्याला नासकं वाढायचं का?"

माझी उमेदीची वर्षं फार सुखात गेली. एका शरदात तर मी सलग पाच सकाळी रिकामी राहिले नाही. बाई माझी झडप बोटाने ढकलून आत डोकवायच्या आणि म्हणायच्या, "सतरा, आज कोण आणलंस?" मग उंदीर कापडी पिशवीत, पिशवी स्प्रिंगच्या काट्याला, कानात बारीकसा बिल्ला, वहीत नोंद, आणि सुटका. सुटलेला उंदीर एकदा मागे वळून बघायचा आणि बांबूत शिरायचा. काही पठ्ठे तर सुटल्यावर संध्याकाळी परत यायचे. रताळ्याची चटक, दुसरं काय!

मग एका वसंतात एका सांबराने हातांच्या घामाचं मीठ चाटायच्या नादात माझ्यावर पाय दिला. माझं छप्पर आत बसलं आणि झडपेचा खिळा वाकला. तामाने मला दगडावर ठोकून सरळ केलं आणि मोडक्या छत्रीची काडी कापून खिळ्याच्या जागी बसवली. पण तेव्हापासून माझी झडप जरा अडखळते. पहिल्या पायाला मिटेलच याची खात्री नाही. बाकीच्या बहिणी झिजल्या तशा नव्या आल्या. माझ्या जागी मात्र नवी यायची राहूनच गेली. मी पोत्यात सगळ्यात तळाशी. मांडताना सगळ्यात शेवटी. कौतुकाचं तर नावच काढू नका.

मित्रांनो, आता मुख्य गोष्ट सांगते. ती गेल्या शरदातली आहे.

त्याआधीच्या दोन मोसमांत बशीमाळावर एकही माळउंदीर मिळाला नव्हता. उंदरांची संख्या वर-खाली होतेच. बाईंना ते पाठ होतं. पण रानाच्या कचेरीतल्या साहेबांना नव्हतं. कचेरीने ठरवलं, की तिसऱ्या मोसमातही माळ रिकामा निघाला तर त्याचं नाव मोजणीच्या यादीतून काढायचं आणि तिथे डोंगर चढणाऱ्यांच्या तंबूंसाठी लाकडी ओटे बांधायचे. चाळीस ओटे! बांबू कापून! बाईंना हे पत्र आलं तेव्हा त्या दोन दिवस जुन्या वह्याच चाळत बसल्या, असं त्यांच्या भावानेच तामाला सांगितलं.

हा भाऊ म्हणजे आ-होंग. वय बेचाळीस, कॉम्प्युटरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाळीवरचा तंत्रज्ञ. ताईला धीर द्यायला रजा काढून तो आमच्याबरोबर वर आला. माणूस सोन्यासारखा. डोंगरात मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या बुटांचे तळवे निघाले.

आता त्याच्या कारखान्यातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. तिथे प्रत्येक यंत्राच्या डोक्यावर एका खाऊची पुडी ठेवलेली असते. मक्याचा फुगीर खाऊ, खोबऱ्याच्या चवीचा. पुडी हिरवीच हवी, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. पिवळी ठेवली तर रुसतं. पुडी फोडायची नाही, खायची तर नाहीच, आणि तारीख उलटून गेलेली चालत नाही. तैवानमध्ये बँकेत जा, दवाखान्यात जा, हिरवी पुडी कुठेतरी दिसेलच. मोठमोठे इंजिनियर ती ठेवतात आणि वर 'आपलं उगाच' म्हणतात.

पहिल्या दुपारी बाई आणि तामा आम्हाला मांडून ओढ्याकडे गेले, आणि आ-होंग गुपचूप मागे राहिला. त्याने पिशवीतून दहा हिरव्या पुड्या काढल्या. एकेका डबीच्या मागे, बांबूच्या बुंध्यात, एकेक पुडी खोचली. हात जोडून पुटपुटला, "नीट वागा बरं. ताईची लाज राखा." नऊजणी उरकून सगळ्यात शेवटी तो माझ्यापाशी आला. शेवटची पुडी डोळ्यांजवळ नेली आणि दचकला.

"अरेच्चा, हिची तारीख गेल्या महिन्यातच संपली! ही ठेवली तर उलटंच व्हायचं." त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा पोचा पाहिला, छत्रीची काडी पाहिली. "जाऊ दे. ही तशीही भंगारात जायची आहे."

पुडी त्याने खिशात घातली आणि गेला. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते.

पण त्याचा एक अंदाज साफ चुकला, मित्रांनो. कारखान्यातली यंत्रं पुडीला दात लावत नाहीत. उंदीर लावतात.

ऊन उतरायच्या आत पहिला माळउंदीर आला. होय, होते! आमचे माळउंदीर परत आले होते! मला एवढा आनंद झाला की वारा नसताना माझी झडप वाजली. तो गडी सोळा नंबरच्या दारापर्यंत गेला, रताळ्याचा वास घेतला, मग नाक वर केलं आणि सरळ मागे वळला. कुर्र, कुर्र, फट्! पुडी फुटली. उंदरांच्या नाकाला सगळ्या माळावर खोबऱ्याचा घमघमाट आला. मग काय, लग्नाची पंगतच बसली. नऊ पुड्या, नऊ पंगती. आमच्या रताळ्याकडे ढुंकूनही कुणी बघेना. आणि मला सांगायचं तरी कुणाला! तोंड आहे, पण ते फक्त मिटता येतं.

सकाळी रानातल्या ओळीत सहा उंदीर निघाले. ओढ्याकाठी चार, त्यात एक चिचुंद्री. बशीमाळावर शून्य. दुसऱ्या सकाळी रानात पाच, ओढ्याकाठी सहा, आणि बशीमाळावर पुन्हा शून्य. रान आणि ओढा गजबजलेला असताना माळाचं शून्य आणखीच भकास दिसत होतं.

बाई माझ्याजवळच्या दगडावर मटकन बसल्या. "एकोणीस वर्षं, तामा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी या माळाचं ऐकत आले. आणि आता इथे कुणी राहत नाही, हे माझ्याच हाताने लिहायचं?" त्यांनी घाईघाईने नाडी बांधायला घेतली, पण त्या दिवशी ती सुटलेली नव्हती.

तामा गुडघ्यांवर बसून बांबूतल्या उंदरांच्या वाटा बघत होता. एक कुरतडलेला कोंब त्याने उचलून हुंगला. "कापलेलं ताजं आहे. लेंड्याही ताज्या आहेत. म्हणजे घरात माणसं आहेत, चूलही पेटलेली आहे, मग दारात जेवण ठेवलं तर घेत का नाहीत? बाई, मला विचाराल तर यांना कुणीतरी रोज पोटभर जेवायला घालतंय."

"इथे कोण खानावळ काढणार आहे, तामा?" आ-होंग हसला. त्याच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. ठेवलेल्या पुडीला पुन्हा हात लावायचा नसतो, म्हणून तो एकदाही मागे डोकावला नव्हता. उलट दुपारी येऊन तो नऊजणींपुढे पुन्हा वाकून गेला. मला वाटलं, उडी मारून याचं नाक चिमटीत धरावं!

तिसरी पहाट फुटली. कचेरीतले को साहेब निकाल बघायला येणार होते, आणि ही शेवटची सकाळ होती. धुकं वर सरकत होतं. तेवढ्यात बांबूतून एक माळउंदरीण आली. पोट टम्म, चाल हत्तिणीची. तोंडात मक्याचा एक पिवळा फुगा आणि पायात अडकलेली हिरव्या पुडीची एक चिंधी. भूक तिला मुळीच नव्हती. तिला हवी होती जरा निवांत, मऊ जागा, राहिलेला घास ठेवायला. बाकीच्या बहिणींभोवती पंगतीचा गोंधळ चालू होता. माझ्याकडे पुडी नव्हती, म्हणून गर्दीही नव्हती. तिने माझ्या आतला कापूस पाहिला.

ये बाई, ये, मी मनात म्हटलं. पुढचा एक पाय पायपट्टीवर पडला. झडप हलली आणि अडकली. ती मेली छत्रीची काडी! उंदरीण थांबली. मिशा थरथरल्या. आता ही पळणार, आणि हिच्याबरोबर माळही जाणार. मग तिने विचार बदलला, फुगा कापसात खोचला, आणि वळली. मघाशी सांगितलं ना, वळताना यांचं आधी पोट वळतं. ते टम्म पोट आलं ते थेट पायपट्टीवर.

खट्!

मित्रांनो, सांबराने पाय दिल्यापासून मी एवढ्या जोरात मिटले नव्हते.

थोड्या वेळाने सगळे आले. को साहेब सडपातळ, नाक लाल, थंडीने दात वाजत होते. अकरा रिकामी, बारा रिकामी. बाईंचा चेहरा प्रत्येक डबीबरोबर उतरत होता. सोळाही रिकामी निघाली. मग तामा ओरडला, "सतरा बंद आहे!"

बाई धावत आल्या, पण मला उचललं अगदी हळू. बोटाने झडप जराशी ढकलली, आत पाहिलं, आणि त्यांना एकदम हसू आणि रडू आलं. "माळउंदीर! तामा, माळउंदीर!" मग त्यांनी नाक ओढलं. "पण हिला खोबऱ्याचा वास का येतोय?"

पिशवीत उंदरीण आली, तिच्यामागून मक्याचा फुगा आला, आणि त्याच्यामागून हिरवी चिंधी. सगळे चिंधीकडे बघत राहिले. मग एकेक जण सावकाश आ-होंगकडे बघायला लागला. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी... आपलं उगाच..."

"किती?" बाईंनी विचारलं.

"नऊ. दहावीची तारीख गेली होती."

तामा सोळा नंबरमागच्या बुंध्यात हात घालून चिंध्या झालेली पुडी काढत होता. तो तिथेच मागे बसला आणि पोट धरून हसायला लागला. "म्हटलं नव्हतं मी, यांना कुणीतरी जेवायला घालतंय म्हणून! आणि खानावळवाला रोज आपल्याबरोबर चहा पीत होता!"

"तुला अक्कल आहे का रे?" बाई भावावर कडाडल्या. "ताईची आयुष्यभराची मेहनत, आणि तू उंदरांना खाऊ वाटत फिरतोस? जन्माचा वेंधळा! लहानपणी माझ्या परीक्षेच्या दिवशी माझी पेन्सिल देवापुढे ठेवून विसरला होतास, तो तूच ना!" एवढं बोलून त्यांनाच हसू फुटलं. आ-होंग बिचारा डोळे पुसत होता.

को साहेबांनाही हसू लपवता येईना. "जाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "उंदीर मिळाला ना? एक म्हणजे शून्य नव्हे. एक लिहा, मी सही करतो, आणि आपण सगळे खाली जाऊन गरम काहीतरी पिऊ."

मला वाटलं, झालं, सुटलो! पण बाईंनी वहीवर हात ठेवला.

"नाही, साहेब. इथे पंगत चालू होती आणि मी म्हणू की मी मोजणी केली? खऱ्या आकड्यांच्या रांगेत हा आकडा बसायचा नाही. या तीन दिवसांवर मी रेघ मारते, आणि का मारली तेही लिहिते." त्यांनी भावाकडे पाहिलं. "नावासकट."

"बाई, कागद शुक्रवारी संध्याकाळी वर जातो," को साहेब म्हणाले. "त्यात रेघ असेल आणि तोपर्यंत पुन्हा मांडूनही शून्यच आलं, तर मला काही करता येणार नाही."

"ठाऊक आहे मला."

मग त्यांनी उंदरिणीचं वजन केलं, कानात बिल्ला घातला आणि तिला सोडून दिलं. तामाने तिचं नाव ठेवलं खोबरी.

तो दिवस आ-होंगने गुडघ्यांवर रांगत काढला. प्रत्येक चिंधी, प्रत्येक कण वेचला. एकदा तर तो उंदराच्या वाटेत खांद्यापर्यंत शिरला. तामाने माझी छत्रीची काडी काढली, माझ्या बिजागरीत मेणबत्तीचं मेण चोळलं आणि नवी, सरळ तार बसवली. दोन दिवस आम्हाला मिटून ठेवलं, उंदरांना पुन्हा भूक लागावी म्हणून. मग बुधवारी दुपारी आम्ही परत माळावर गेलो. निघताना आ-होंगला शिंक आली. तामाने ओझं खाली ठेवलं आणि चहा मांडला. बाई तर दोन कप प्यायल्या.

गुरुवारी सकाळी त्या माळाच्या कडेवर आल्या आणि तिथेच थांबल्या. दहापैकी आठ झडपा बंद होत्या. आठ! शुक्रवारी सकाळी आणखी सात. प्रत्येक डबीत रताळ्याची फोड सालासकट फस्त. को साहेबांनी त्या दुपारी स्वतःच्या हाताने यादीत बशीमाळापुढे 'चालू' असं लिहिलं, आणि ओटे खालच्या रस्त्याजवळ बांधायचं ठरलं. वहीत आजही ते पान आहे. तीन दिवसांवर रेघ, खाली आ-होंगचं नाव, आणि त्याच्या खाली पंधरा.

आवरताना आ-होंगने मला उचललं. मी मनात म्हटलं, चला, निघाले भंगारात. पण त्याने मला दोन्ही हातांत धरलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. "ताई, हिला पोत्यात नको. मी हातात धरून नेतो." हिरवी पुडी तो आता फक्त खाली घरी ठेवतो, बाई ज्या कॉम्प्युटरवर आकडे भरतात त्याच्यावर. तारीख तीनदा बघून.

या वसंतात मी पुन्हा बशीमाळावर होते. पहिल्याच सकाळी माझी झडप मिटली. बाईंनी आत पाहिलं, कानातला बिल्ला वाचला आणि पुटपुटल्या, "खोबरी! अगं, तू?" पोट पुन्हा टम्म होतं, पण या वेळी खाऊने नव्हे. बाईंनी तिला काट्यालासुद्धा लावलं नाही, पटकन सोडून दिलं, आणि वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'पिल्लं होणार.'

तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं एवढंच मागणं आहे. आमच्या बिजागऱ्यांत मेण घालत जा. पोचा आलेल्यांना लगेच तळाशी टाकू नका. रानात जाल तेव्हा खाऊ पोटात न्या, बुंध्यात ठेवू नका. आणि एखादा माळ रिकामा दिसला, तर तो रिकामा आहे असं लिहिण्याआधी एकदा गुडघ्यांवर बसून बघा. कुणी राहत असेल तिथे. दार उघडाल तेव्हा हळू उघडा.